नकाशात नसलेलं लाकूड

"बाईंना काय हवंय?" दुकानदाराने मला विचारलं. बाई, म्हणजे आमची ही, माझ्या शेजारीच उभी होती. दोन हातांत साबणाच्या दोन वड्या धरून ती वेष्टनांवरची बारीक अक्षरं वाचत होती आणि दुकानदार तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत होता. यात मला काही वावगं वाटलं नाही, हे आधीच कबूल करतो. चौदा महिने असंच चाललं होतं. मी तोंड उघडलं, "बिनवासाचा" एवढंच म्हणायचं होतं, आणि त्यातला 'बि' बाहेर पडायच्या आत ही म्हणाली, "वासाचा द्या." दुकानदार दचकला. "अरेच्चा, बाई बोलतात की!" असं म्हणाला. मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी मान पुढे काढून पाहिलं. हिने एक वडी पुढे सरकवली, दुसरी फळीवर नेऊन ठेवली आणि पिशवी माझ्या हातात न देता स्वतःच्या खांद्याला लावली. रस्त्याने येताना मला राग आला होता. दुकानदाराचा आला होता, ते झालंच. पण त्याच्या खाली दुसरा एक राग होता आणि तो साबणाचा होता. चौदा महिने मी घरात बिनवासाचा साबण आणत होतो, आणि दर वेळी हिला विचारून आणत होतो. "बिनवासाचाच ना?" मी विचारायचो आणि ही टेबलावर एक टिचकी मारायची. एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. हो म्हटलं की विषय संपला. नाही म्हटलं की वही उघडा, पेन शोधा, कारण लिहा. दमलेलं माणूस काय करेल? हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं नव्हतं. ते त्या दिवशी भर रस्त्यात, सिग्नलला उभं असताना आलं, आणि दिवा बदलून ही पलीकडे पोचली तरी मी अलीकडेच होतो.

घरी आल्यावर तिने साबण काढून बेसिनवर ठेवला, हात धुतले, हातांचा वास घेतला आणि म्हणाली, "चिरंजीवांच्या खोलीत माईकची वायर घ्यायची आहे. भिंतीतून." एवढं लांबलचक वाक्य तिने कितीतरी दिवसांत म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "कशाला?" हे मी उगाच विचारलं. कशाला ते मला पक्कं माहीत होतं. बावीस वर्षं ही अंध वाचकांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचत होती. आठवड्यातून तीन दुपारी बसने जायची, काचेच्या खोलीत माईकसमोर बसून रेकॉर्ड करायची, शाळेची पुस्तकं, गोष्टींची पुस्तकं, एकदा तर रेल्वेचं जाडजूड वेळापत्रकसुद्धा. तिला कधीही न पाहिलेली माणसं तिच्या आवाजावरून तिला ओळखायची. मी चेष्टेने म्हणायचो, तुझा आवाज घासून पालथ्या घातलेल्या भांड्यासारखा आहे, आणि ती चिडायची. मग स्वरयंत्रावर गाठ निघाली. गाठ साधी होती, पण दोन ऑपरेशनं झाली आणि दुसऱ्यानंतर एक पडदा हलेनासा झाला. डॉक्टर म्हणाले, बोलायचं नाही, कुजबुजायचं तर मुळीच नाही, वाट बघायची. आम्ही वाट बघितली. पडदा हळूहळू हलायला लागला. तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी बोलायला परवानगी दिली आणि तिच्या तोंडून जो आवाज आला तो दुसऱ्याच कुणाचा तरी होता. जाड, खाली बसलेला, कडेने थोडा फाटका. त्या दिवशी दवाखान्यात तिने तो ऐकला, तोंडावर हात ठेवला, आणि घरी येऊन पुन्हा वही उघडली.

आता ग्रंथालयातल्या बाईंशी ती परस्पर बोलली होती. मला न सांगता. बाई म्हणाल्या होत्या, एक पाठ वाचून पाठवा, महिनाअखेरपर्यंत. नव्या वर्षाची पुस्तकं वाटायची आहेत. पण खरं सांगायचं तर आवाज ऐकून ठरवू. "तिथे जाऊन वाचणार नाही," ही म्हणाली. "काचेपलीकडे तीच माणसं असणार. त्यांच्या कानांत जुना आवाज आहे. घरी वाचते. एकदाच. नाही म्हणाल्या तर पुन्हा पुस्तक हातात धरणार नाही." तिचं एकदाच म्हणजे एकदाच असतं, हे मी चौतीस वर्षांत शिकलो आहे. मी अडचण पुढे केली: कॉम्प्युटरचा पंखा गुणगुणतो, तो खोलीत ठेवला तर आवाजात येणार. "म्हणून तर तो हॉलमध्ये. आणि माईक आत." दारातून वायर घेऊ, मी म्हटलं. "दार बोटभर उघडं राहतं. लिफ्ट ऐकू येते." तिने सगळा विचार करून ठेवला होता. ती चिरंजीवांच्या खोलीच्या भिंतीकडे बघत होती आणि मी तिच्याकडे, आणि माझ्या मनात आलं की हे सगळं हिने बसल्या बसल्या, मी तिला काय हवं काय नको ते विचारत फिरत असताना, माझ्या नाकासमोर ठरवलं.

ती भिंत माझी. म्हणजे मी बांधलेली. मी आयुष्यभर एका कचेरीत आराखडे काढले. दुसऱ्यांच्या इमारतींच्या भिंती, जिने, मोऱ्या. तिथे मला मिलिमीटर म्हणत. निवृत्तीच्या निरोपाच्या भाषणातही साहेब चुकून तेच म्हणाले. घराची एक फाइल आहे माझ्याकडे, तीत प्रत्येक नळ, प्रत्येक बटण, प्रत्येक खिळा कुठे आहे त्याचा आराखडा आहे. चिरंजीव पंधरा वर्षांचे असताना त्यांनी ड्रम आणला. कुठल्याशा मित्राचा जुना, एका बाजूने ठेचलेला. तेव्हा हॉल आणि ती खोली यांच्यामध्ये नुसती फळ्यांची आडभिंत होती. ती काढून मी नवी केली: लाकडी पट्ट्यांची उभी चौकट, दोन्ही बाजूंनी जिप्समचे बोर्ड, आणि पोटात ग्लासवूल, म्हणजे काचेच्या धाग्यांचा कापूस. आवाज गिळण्यासाठी. सहा आठवड्यांच्या सुट्टीच्या दिवसांचं काम होतं ते, आणि त्याचा आराखडा मी इतका सुरेख काढला होता की ग्लासवूलचे धागेसुद्धा निबच्या टोकाने एकेक दाखवले होते. म्हणून त्या शनिवारी वायरमन आला तेव्हा मी त्याच्यापुढे आधी चहा नाही, फाइल ठेवली.

वायरमन चांगला माणूस, साठीचा, कमी बोलणारा. त्याने आधी मेनस्विच बंद केला, मग बोर्डावर बोटांच्या मागच्या बाजूने ठोकत गेला. एका बाजूला भोक पाडून दुसऱ्या बाजूला काढू, पाच मिनिटांचं काम, असं तो म्हणाला. मी म्हटलं, समोरासमोर भोकं पाडली तर आवाज सरळ पार जाईल, मग वूल कशाला भरलंय? हॉलच्या बाजूचं भोक जमिनीपासून वीतभर, आतल्या बाजूचं टेबलाच्या उंचीवर, आणि मधलं अंतर वायरीने भिंतीच्या पोटातून वर चढायचं. दिव्याच्या वायरीपासून हातभर लांबून, नाहीतर माईकमध्ये घरघर येते. त्याने माझ्याकडे पाहिलं, पेन्शनर गिऱ्हाईक म्हटल्यावर पाहतात तसं, आणि खालचं भोक पाडलं. मग लांब लवचिक रॉड घेऊन तो बोर्डाला चिकटून वर सरकवायला लागला, म्हणजे वूलमध्ये न शिरता वूल आणि बोर्ड यांच्या फटीतून. गुडघ्याच्या थोडं वर गेल्यावर रॉड थांबला. त्याने काढला, फिरवला, पुन्हा सारला. पुन्हा तिथेच. टक्, असा कोरडा आवाज. "साहेब, आत आडवं लाकूड आहे." मी म्हटलं, "शक्य नाही." आराखडा त्याच्या नाकापुढे धरला. उभ्या पट्ट्या, दर दोन फुटांवर. आडवी एकही नाही. तो म्हणाला, "तुमचा कागद बरोबर असेल साहेब. पण रॉडला वाचता येत नाही." ही दारात उभी होती. वायरमन म्हणाला, बोर्ड कापावा लागेल, आज वेळ नाही, पुढच्या आठवड्यात बघू. रॉड राहू दे इथेच. तो गेला आणि भिंतीला वीतभर उंचीवर एक भोक राहिलं. त्यातून पिवळं वूल बाहेर डोकावत होतं.

आडवं लाकूड मला आठवलं ते टक् ऐकलं त्याच क्षणी. आराखडा पुढे धरत होतो तेव्हा ते मला माहीत होतं. भिंत पूर्ण झाल्यावरचा पहिला रविवार होता. एवढं करून ड्रम ऐकू येतच होता, कमी, पण येत होता, आणि कमी ऐकू येणारा आवाज जास्त छळतो, कारण कान त्याच्या मागे धावतात. चिरंजीव क्लासच्या परीक्षेला गेले होते. मी हॉलच्या बाजूचा खालचा बोर्ड उचकटला, दोन उभ्या पट्ट्यांमध्ये एक जाड आडवं लाकूड ठोकून बसवलं, कशाला ते देव जाणे, बहुतेक काहीतरी ठोकायचं होतं म्हणून, आणि त्याच्या वर-खाली उरलेलं सगळं ग्लासवूल मुठींनी कोंबलं. ठासून. वूल असं दाबून भरलं की आवाज उलट कमी अडतो, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मला आवाज अडवायचाच नव्हता. मला त्या पोराला गप्प करायचं होतं. प्रत्येक खिळ्याबरोबर मी काही ना काही पुटपुटत होतो, जे बापाने पुटपुटू नये. हात आठवडाभर खाजत होते. संध्याकाळी चिरंजीव परत आले, खोलीत गेले, दार लावून वाजवलं, आणि बाहेर येऊन म्हणाले, "बाबा, तुम्ही माझ्यासाठी पुन्हा काम केलंत? मस्त झालंय!" त्यांचे डोळे चमकत होते. मी म्हटलं, "हं." ते लाकूड मी आराखड्यात कधी दाखवलं नाही.

हे सगळं मी त्याच शनिवारी सांगू शकलो असतो. नाही सांगितलं. आठ दिवस त्या भोकाकडे बघत बसलो. एक कारण मी स्वतःला सांगत होतो ते बरं कारण होतं: ही दुखावेल. सकाळी न्हाणीघरात नळ मोठा सोडून ती आ-ऊ-ई करायची, डॉक्टरांनी दिलेला व्यायाम, आणि नळाच्या आवाजातूनही तो फाटका काठ मला ऐकू यायचा. ग्रंथालयातल्या बाई ऐकतील, दोन गोड शब्द बोलतील आणि नाही म्हणतील. मग ही पुस्तक हातात धरणार नाही. वायरच गेली नाही तर नाही म्हणायची वेळच कुणावर येणार नाही. भिंतीने नाही म्हटलं, कुणाचा दोष नाही. किती सोयीचं. पण दिवसभर घरात बसलेल्या माणसाला स्वतःशी फार काळ खोटं बोलता येत नाही, वेळ जातच नाही. दुसरं कारण होतं आणि ते बरं नव्हतं. मला हे चौदा महिने आवडले होते. निवृत्तीनंतर मी घरात एखाद्या जादा खुर्चीसारखा होतो, आणि एकदम मी कामाचा झालो. फोन मी घ्यायचो, दारावरच्या माणसाशी मी बोलायचो, डॉक्टरांना लक्षणं मी सांगायचो. ही नुसती बघायची. "हिला गार चालत नाही," "हिला गर्दी सोसत नाही," "ही म्हणतेय, नंतर बघू." मी हिच्या वतीने इतका छान बोलायचो की लोक म्हणायचे, जोडी असावी तर अशी. चिरंजीव दूरच्या शहरात असतात. त्यांचा फोन आला की मी स्पीकरवर टाकायचो आणि हिने वहीत लिहिलेलं वाचून दाखवायचो. एकदा ते मधेच म्हणाले, "बाबा, हे आई म्हणतेय की तुम्ही?" मी हसण्यावारी नेलं होतं. ते आठ दिवस तो प्रश्न माझ्या मागे मागे फिरत होता, स्वयंपाकघरात गेलो तर तिथे, गॅलरीत गेलो तर तिथे.

पुढच्या रविवारी सकाळी ही भोकासमोर जमिनीवर बसली होती. हातात टॉर्च. दोन बोटांनी वूल बाजूला करून आत बघत होती. मी म्हटलं, "हात लावू नकोस, खाजेल." ती तशीच बघत राहिली. मग मी माझ्याच आवाजाने दचकलो, कारण मी म्हणालो, "आत आडवं लाकूड आहे. मीच ठोकलंय."

"माहितीये," ती म्हणाली. टॉर्च बंद केला. "मी स्वयंपाकघरात होते त्या दिवशी. सतरा खिळे ठोकलेत तुम्ही. एक वाकला, त्याला शिवी दिलीत."

"मग वायरमनला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सांगताय का बघत होते." ती थांबली, श्वास घेतला. मोठं वाक्य आलं की तिला आता मध्ये श्वास घ्यावा लागतो. "आठ दिवस बघितलं. आज नाही सांगितलं असतं तर मीच करवत घेणार होते."

मला वाटलं होतं ती ओरडेल. पण ओरडणं तिला मना आहे. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली आणि मी खाली बसलो, तिच्या शेजारी, गुडघे कटकट वाजवत. म्हटलं, मला भीती वाटते. कशाची, तिने विचारलं. मी म्हटलं, त्या बाई नाही म्हणतील याची. आणि मग, तोंडाला आलंच होतं म्हणून, म्हटलं, "आणि हो म्हणतील याचीही." हे बोलल्यावर मला इतकी लाज वाटली की मी उठून करवत आणायला गेलो.

वायरमनची वाट बघायची नाही असं ठरलं. मेनस्विच बंद केला, फ्रिज हुंकार देऊन थांबला, आणि घर आपलं आपल्यालाच ऐकू यायला लागलं. "तू बाहेर थांब, वूल उडतं, तुझ्या घशात जाईल," मी म्हटलं. तिने मास्क लावला, हातमोजे चढवले, आतल्या खोलीत गेली आणि टेबलाच्या उंचीवरच्या भोकाशी खुर्ची ओढून बसली. ते भोक आतून तिनेच पाडलं, मी आखून दिलेल्या गोलावर, आणि गोल थोडा चुकला. मी मोजपट्टी खिशातच ठेवली. हॉलच्या बाजूने मी लाकडाच्या तोंडासमोर बोर्डाचा तळहाताएवढा चौकोन कापला. आत माझं लाकूड होतं. बारा वर्षं अंधारात राहूनही नवंकोरं, वर वाकलेला खिळा तसाच. मी पटाशी घेतली आणि त्याच्या पुढच्या कडेला वायर जाईल एवढी खाच पाडायला लागलो. वाईट लाकूड नव्हतं. छान, घट्ट रेषांचं, मी पसंत करून आणलेलं असणार, रागात असतानासुद्धा. कपच्या निघत होत्या आणि मला आठवत होता तो पंधरा वर्षांचा पोरगा, घामाने डबडबलेला, 'मस्त झालंय' म्हणणारा. एका परीने तो बरोबरच होता. त्या भिंतीमुळे त्याला दार लावून हवं ते वाजवता आलं. मी तिच्यात काय म्हणून काय कोंबलं होतं, ते भिंतीने त्याला सांगितलं नव्हतं. खाच झाली. वर-खाली कोंबलेलं वूल मी मुठींनी उपसून सैल केलं, पुन्हा हलक्या हाताने पसरलं, जसं पहिल्यांदाच पसरायला हवं होतं.

मग रॉड. टोकाला वायर टेपने गुंडाळली, खालच्या भोकातून घातली, खाचेतून वर काढली. तिथून पुढे मला काही दिसत नव्हतं. मी सारत होतो. सारत होतो आणि वाट बघत होतो. आतून काहीच येईना. मी पुन्हा सारलं. रॉड वाकायला लागला. "आलं का?" मी ओरडलो. उत्तर नाही. मी उठून दारापर्यंत गेलो तर ही भिंतीवर टिचक्या मारत होती. दोन. दोन. पुन्हा दोन. सवयीने. ग्लासवूल भरलेल्या भिंतीवर, बोटांत जाड हातमोजे असताना. मला पाहिल्यावर तिचा हात हवेतच राहिला आणि आम्ही दोघंही हसलो, ती मास्कच्या आत, डोळ्यांनी. "बोल ना बाई," मी म्हटलं. "ऐकू येत नाही." ती म्हणाली, "जा. बसा तिथे. सांगते."

मी जाऊन बसलो. दोन्ही भोकांतून, कापलेल्या चौकोनातून, अर्धवट लोटलेल्या दारातून तिचा आवाज आला. "मागे घ्या." घेतला. "अजून. थांबा. आता माझ्या उजवीकडे, म्हणजे तुमच्या डावीकडे. हळू हो, घाई नाहीये कुठे. वर. वर. जरासा वर." चेहरा नव्हता, हात नव्हते, तिची वही नव्हती, नुसता आवाज. तीन महिने मी त्या आवाजात जुना आवाज शोधत होतो, हरवलेली वस्तू खिशात पुन्हा पुन्हा चाचपावी तसा. भिंतीला कान लावून बसलो असताना ते शोधायचं राहून गेलं. मला फक्त डावं-उजवं कळायला हवं होतं. हा आवाज स्पष्ट होता. तो मला सांगत होता आणि मी करत होतो. "दिसला!" ती म्हणाली, आणि पुढच्या क्षणी माझ्या हातातला रॉड पलीकडून कुणीतरी धरला, घट्ट, आणि ओढला. वायर माझ्या मुठीतून सुळसुळत वर गेली. मी ती सोडत राहिलो, पुरेशी झाली तरी. "पुरे, पुरे," ती म्हणाली, "सगळी काय माझ्याकडेच देताय?"

भोकांच्या कडा पुट्टीने बुजवल्या, चौकोन परत बसवला. नीट बसला नाही, एका कोपऱ्यात केसभर वर राहिला, आणि मी तो तसाच राहू दिला. दुपारी तीन वाजता ही आत गेली. माईक, पाण्याचा पेला, पुस्तक. दार लावलं. हॉलमध्ये मी कॉम्प्युटरसमोर, हेडफोन कानांवर. रेकॉर्डिंगचं बटण दाबलं, पडद्यावर हिरवी रेघ सरळ चालायला लागली. खुर्ची करकरल्याचा आवाज आला, मग पानांचा, मग तिचा श्वास, इतका जवळ की मी मागे वळून पाहिलं.

"ऐकू येतंय का हो?" तिने विचारलं.

"येतंय, येतंय," मी म्हटलं. तिने पुन्हा विचारलं. मी मोठ्याने म्हटलं, "हो!" आणि मग लक्षात आलं. माईक आत, कान बाहेर. बाहेरून आत जाणारी वायर मी घातलीच नव्हती. मिलिमीटर म्हणवून घेणाऱ्या माणसाने आतल्या माणसाशी बोलायची सोयच केली नव्हती, आणि मध्ये माझीच भिंत होती, सैल हाताने, नीट भरलेली. तिच्याही ते लक्षात आलं असावं, कारण ती हसली. जाड, खरखरीत हसू. ते मी पहिल्यांदा ऐकलं.

"बरंच झालं," ती म्हणाली. "मग एक सांगून घेते. मध्ये बोलू नका. म्हणजे बोला हवं तर." पुन्हा तेच हसू. मग पेला उचलल्याचा, ठेवल्याचा आवाज. "दुसऱ्या ऑपरेशननंतर चिरंजीवांचा फोन आला होता. मी वहीत लिहिलं होतं, मला खूप भीती वाटते, तू ये. तुम्ही वाचून दाखवलंत, आई म्हणतेय काळजी करू नकोस, सुट्टी वाया घालवू नकोस. मी दोन टिचक्या मारल्या. तुम्ही फोन ठेवलात." श्वास. "तुम्हाला वाटलं, त्याचा जीव टांगणीला नको. कळतं मला. पण ते माझं वाक्य होतं हो. एवढं एकच होतं त्या दिवशी माझ्याजवळ, आणि ते तुम्ही फिरवलंत." हिरवी रेघ वर-खाली होत होती, तिच्या प्रत्येक शब्दाबरोबर. मला म्हणायचं होतं की त्या दिवशी मीही घाबरलो होतो. की ते वाक्य मला मोठ्याने वाचताच आलं नसतं. की पोर आलं असतं तर त्याच्यासमोर मी रडलो असतो. म्हणून उपयोग नव्हता, तिला ऐकू जाणार नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिचं सगळं ऐकून घेतलं. "त्या चौदा महिन्यांत तुम्ही माझं सगळं केलंत," ती म्हणाली. "पाठ चोळून दिलीत, रोजची पेज ढवळलीत, गुठळी ठेवली नाहीत तीत एकदाही. ते विसरणार नाहीये मी. पण आता मला विचारत जा, आणि मग थांबत जा. उत्तर यायला वेळ लागतो मला. तेवढं थांबायचं. रागावलेय मी, आणि तुम्ही बाहेर बसलायत ते बरंही वाटतंय. दोन्ही खरंय." रुमालाचा खसफस आवाज. "झालं. हे पुसून टाका. नाहीतर ग्रंथालयातल्या बाई म्हणतील, हा कुठला पाठ?"

मी भिंतीकडे बघून मान हलवली. माझे डोळे भरून आले होते आणि पडद्यावरची रेघ दोन-दोन दिसत होती. पुसलं नाही मी ते. आजही आहे. तिला सांगितलंय की आहे.

"वाचते," ती म्हणाली. "चुकलं तर थांबेन आणि पुन्हा वाचेन. तुम्ही बटणाला हात लावायचा नाही." मग घसा साफ न करता, तो साफ करायचा नसतो, तिने सुरुवात केली. "पाठ तिसरा. पाणी. आपल्या ओळखीचे बहुतेक पदार्थ थंड झाले की आकसतात. पाण्याचे मात्र तसे नाही." वाक्याच्या शेवटी ती थांबली, पूर्वी थांबायची त्याहून थोडी जास्त, आणि त्या थांबण्यात वाक्य खाली बसून ऐकणाऱ्याला सापडत होतं. सातवीचं पुस्तक होतं. मला पाण्याबद्दल हे माहीत होतं, तरी मी पुढे काय म्हणून कान टवकारले. कुणीतरी कुठेतरी, डोळ्यांनी न वाचू शकणारं एखादं पोर, हे ऐकणार होतं आणि त्याच्या कानांत कुठलाच जुना आवाज नसणार होता. "पाणी गोठताना..." ती म्हणाली आणि 'गोठताना'वर आवाज फाटला. सरळ दोन तुकडे झाले. मी खुर्चीतून अर्धवट उठलो होतो. हात बटणाकडे गेला होता, दाराकडेही गेला असता. पडद्यावर रेघ सपाट चालली होती, एक सेकंद, दोन, पाच, दहा. मी हात खाली घेऊन मांडीवर ठेवला आणि बसलो.

पेला उचलल्याचा आवाज आला, एक घोट, पेला ठेवल्याचा.

"पाणी गोठताना," ती म्हणाली, "पसरते."